धागा : भोसरीत हार्डवेअर, जर्मनीत गणित, शेन्झेनला बोर्ड – छोट्या कंपनीने ही मोट कशी बांधावी?

कंपनमापक

नमस्कार मंडळी. सहा जणांची कंपनी आहे, भोसरी एमआयडीसीत. मोटर, पंप, ब्लोअर यांच्या बेअरिंगपाशी बसवायचा बॅटरीवरचा कंपन-सेन्सर करतो आहोत. तीन अक्षांचा मेम्स ॲक्सेलरोमीटर (चिपवर कोरलेला त्वरणमापक), ६ किलोहर्ट्झपर्यंतचा, सेकंदाला सुमारे २६,७०० नमुने. प्रोसेसर कॉर्टेक्स-एम४, निरोप लोरावॅनवरून, म्हणजे लांब पल्ल्याच्या पण संथ रेडिओवरून. बिघाड ओळखायचं गणित जर्मनीतली चार जणांची कंपनी करणार, बोर्ड शेन्झेनला बनून येणार. जर्मन मंडळी फी थोडी घेणार आणि विक्रीत वाटा घेणार, म्हणजे ते कंत्राटदार नाहीत, भागीदार आहेत. पहिली खेप ३० नगांची, सहा महिन्यांत बसवायची.

विचारायचंय ते असं : दोघांच्या कामाची सीमा कुठे आखायची? डेटा किती आणि कसा पाठवायचा? मालकीहक्क कसे लिहायचे? बोर्डवाल्याला काय काय द्यायचं? पैसे पाठवताना कुठे अडकायला होतं?

---

गिरकी

सीमा कुठे आखायची ते तुमच्या रेडिओनेच ठरवून टाकलंय. आकडेमोड करून बघा. तीन अक्ष, प्रत्येक नमुना २ बाइट, सेकंदाला २६,७०० नमुने; म्हणजे एका सेकंदाच्या नोंदीला साधारण १६० किलोबाइट. लोरावॅनच्या सर्वात संथ दराला, म्हणजे एसएफ१२ ला, एका निरोपात मावतात ५१ बाइट, आणि तेवढा निरोप हवेत जायलाच जवळपास २.८ सेकंद लागतात. कच्चं कंपन रेडिओवरून कधीच जाणार नाही. तेव्हा जर्मनीचं गणित गेटवेच्या (निरोप झेलणाऱ्या रेडिओ-पेटीच्या) पलीकडे सर्व्हरवर न चालता सेन्सरमधल्या प्रोसेसरवर चालावं लागेल. हे पहिल्याच दिवशी दोघांनी मान्य केलं नाही तर ते तिकडे पायथनमध्ये सुंदर मॉडेल करत बसतील आणि चौथ्या महिन्यात कळेल की त्याला ४ मेगाबाइट रॅम लागते.

म्हणून आधी कागदावर अंदाजपत्रक मांडा : त्यांच्या कोडला रॅम जास्तीत जास्त ६४ किलोबाइट, फ्लॅश १२८ किलोबाइट, एका मोजणीला प्रोसेसर जागा राहील तो वेळ ३ सेकंद. हे आकडे उदाहरणादाखल. तुमच्या चिपवर आणि बॅटरीवर बेतून बसवा, पण आकडा लिहिलेला हवा.

मग ५१ बाइटांचं वाटप करा, तेही दोघांनी मिळून. असं बसतं : वेळ ४, गणिताची आवृत्ती १, तापमान २, बॅटरी १, तीन अक्षांचा वेग-आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ६, तीन अक्षांचा त्वरण-शिखर ६, कर्टोसिस (लाट किती टोकदार ते) ३, आणि एन्व्हलप स्पेक्ट्रममधल्या (ठोके किती वेळाने पडतात ते दाखवणाऱ्या आलेखातल्या) आठ सर्वात उंच रेषा, प्रत्येकी वारंवारितेला २ आणि उंचीला १, म्हणजे २४. बेरीज ४७. उरलेले ४ मोकळे सोडा, पुढे लागतातच. आवृत्तीचा तो एक बाइट काटकसर म्हणून कुणी काढू पाहील, काढू देऊ नका. सहा महिन्यांनी कुठल्या सेन्सरवर कुठलं गणित होतं हे त्याशिवाय कळत नाही.

---

गिरकी

वरच्यातच भर. दूरच्या भागीदाराबरोबर सगळ्यात जास्त दिवस खातात ते "तुमचं उत्तर आणि आमचं उत्तर जुळत नाही" हे प्रकार. कारणं बहुतेक ठरलेली असतात, आधीच लिहून घ्या :

खिडकी-फलन, म्हणजे नोंदीची टोकं हळूहळू शून्याला नेणारं गुणन. पायथनच्या नमपाय लायब्ररीचं हॅनिंग सममित असतं, सायपायच्या गेट-विंडोचं मूळ सेटिंग आवर्ती असतं. फरक बारीक, पण चाचणीची सहनसीमा कडक असेल तर चाचणी नापास होते आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

एफएफटीची (लाटेतल्या वारंवारिता वेगळ्या काढणाऱ्या गणिताची) मोजपट्टी. प्रोसेसरसाठीच्या सीएमएसआयएस-डीएसपी लायब्ररीमधलं क्यू१५, म्हणजे १६ बिटांच्या स्थिरबिंदू आकड्यांचं, एफएफटी आतल्या पायऱ्यांवर आकडे लहान करत जातं, ओव्हरफ्लो होऊ नये म्हणून. २०४८ बिंदूंच्या एफएफटीचं उत्तर पायथनच्या उत्तराशी थेट ताडता येत नाही. आधी गुणक लावावा लागतो. शिवाय लहान कंपनं त्या छाटणीत बुडतात. चिपवर फ्लोटिंग पॉइंट युनिट असेल तर सरळ एफ३२ (३२ बिटांचे दशांश आकडे) वापरा.

एकक. जी की मीटर प्रति सेकंद वर्ग? शिखर की आरएमएस? १ जी म्हणजे ९.८०६६५, कुणीतरी ९.८ घेतो, कुणी १०. कारखान्यातले लोक आयएसओ २०८१६ या यंत्र-कंपनाच्या मानकाच्या भाषेत बोलतात, म्हणजे मिमी प्रति सेकंद, आरएमएस, सर्वसाधारण यंत्रांना १० ते १००० हर्ट्झचा पट्टा. त्वरणाचं वेगात रूपांतर करण्याआधी गुरुत्वाकर्षणाचा स्थिर भाग काढला नाही तर आकडा वाढतच जातो.

नमुन्यांचा खरा दर. मेम्स चिपचं घड्याळ तिच्या आतलं असतं, डेटाशीटमधला दर आणि प्रत्यक्ष दर यांत काही टक्क्यांचा फरक पडू शकतो. प्रोसेसरच्या क्रिस्टलवरून प्रत्येक नोंदीचा खरा दर मोजा आणि फाइलीत लिहा.

हे का महत्त्वाचं ते ६२०५ बेअरिंग घेऊन सांगतो. बाहेरच्या रिंगला खड्डा असेल तर फेऱ्यांच्या ३.५८५ पट वारंवारितेला ठोके पडतात, आतल्या रिंगला ५.४१५ पट. चार पोलची मोटर १४४० फेऱ्यांनी फिरतेय म्हणजे २४ हर्ट्झ, तर ठोका ८६.० ला. भार कमी झाला, मोटर १४७० वर गेली, तर तोच ठोका ८७.८ ला. त्यात नमुन्यांचा दर २ टक्क्यांनी चुकला की आणखी १.७ हर्ट्झ सरकलं. एक सेकंदाच्या नोंदीत दोन रेषांमधलं अंतरच १ हर्ट्झ असतं. चूक घड्याळाची असते आणि दोष मॉडेलला लागतो.

---

कंपनमापक

हे सोन्यासारखं आहे. कच्चा डेटा मग एसडी कार्डवरून पाठवायचा का? आणि त्यांच्याकडे आधीच एका अमेरिकी विद्यापीठाच्या खुल्या डेटावर शिकवलेलं मॉडेल आहे, ते चालेल?

---

गिरकी

केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा डेटा असणार, सगळे तिथूनच सुरुवात करतात. सराव म्हणून ठीक. पण तिथली मोटर २ अश्वशक्तीची, १७३० ते १७९७ फेऱ्यांची, कारण तिकडे वीज ६० हर्ट्झ. आणि बेअरिंगमधले खड्डे ईडीएमने (विजेच्या ठिणगीने) पाडलेले, कडा स्वच्छ. आपल्याकडच्या बेअरिंगचा बिघाड असा सुबक नसतो. ग्रीसमध्ये धूळ जाते, पृष्ठभाग हळूहळू सोलत जातो, सुरुवातीला ठोके नसतातच, नुसती खरखर वाढते. शिवाय विजेच्या हार्मोनिकची रेषा आपल्याकडे १०० हर्ट्झला, त्यांच्याकडे १२० ला. त्या डेटावर ९९ टक्के अचूकता दाखवणारं मॉडेल शिरोलीच्या फाउंड्रीतल्या ब्लोअरवर भरवशाचं नाही, असंच धरून चाला.

कच्चा डेटा एसडी कार्डवर घ्या, हो. दर दहा मिनिटांनी एक सेकंदाची नोंद केली तर एका सेन्सरचे दिवसाला २३ मेगाबाइट, महिन्याला सुमारे ७०० मेगाबाइट. पाच सेन्सर महिनाभर चालवले तरी साडेतीन गिगाबाइट. हे इंटरनेटवरून आरामात जातं.

प्रत्येक फाइलीबरोबर एक छोटी नोंदफाइल हवीच : यंत्र कोणतं, बेअरिंगचा क्रमांक, सेन्सर स्टडने बसवलाय की चुंबकाने, कुठल्या बाजूला, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) आहे का, भार अंदाजे किती, शेवटचं ग्रीस कधी घातलं. बसवायची पद्धत टाळू नका. चुंबकाने चिकटवलेल्या सेन्सरची वरची वारंवारिता-मर्यादा स्टडच्या मानाने बरीच खाली येते, आणि रंगाच्या जाड थरावर चिकटवला तर आणखीच. जर्मनीत बसलेल्या माणसाला हे फाइल बघून कळणार नाही.

---

तटबंदी

इतका सगळा डेटा बाहेर द्यायचा? कंपनावरून कारखाना किती पाळ्या चालतो, यंत्र किती वेळ बंद होतं, सगळं समजतं. ग्राहक करारात बहुधा बाहेर द्यायला मनाई असते. आणि फर्मवेअरचा, म्हणजे सेन्सरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामचा, स्रोतही भागीदाराला देऊ नये असं माझं मत. त्यांच्याकडून फक्त लायब्ररी, म्हणजे गणिताचा जोडता येणारा तुकडा, मागा.

---

रात्रपाळी

डेटाबद्दल अनुमोदन. ग्राहकाची लेखी परवानगी घ्या, फाइलीत कारखान्याचं नाव न घालता क्रमांक घाला, आणि क्रमांक-नावाची यादी भोसरीतच राहू द्या. वेळसुद्धा नोंदीच्या सुरुवातीपासूनचे सेकंद म्हणून देता येते.

फर्मवेअरबाबत असहमत. लायब्ररीची सीमा हवी, ती कोडच्या शिस्तीसाठी : एक हेडर फाइल, तीन फंक्शनं, सुरू करा, नमुने घ्या, उत्तर द्या. पण भागीदाराला पूर्ण फर्मवेअर स्वतः बांधून बोर्डवर चढवता आलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक छोट्या प्रयोगासाठी तो तुम्हाला बायनरी पाठवणार, तुम्ही चढवणार, नोंद परत पाठवणार. एका प्रयोगाला दोन दिवस. नवं काही सुचतं ते वीस प्रयोगांपैकी एकोणीस फसल्यावर. दोन दिवसांना एक या हिशेबाने वीस प्रयोगांना चाळीस दिवस लागतात, मग लोक प्रयोग करायचंच सोडतात आणि जे चाललंय त्यावर भागवतात. गुप्त ठेवायच्या आहेत त्या लोरावॅनच्या किल्ल्या आणि बूटलोडरची (बोर्ड सुरू होताना फर्मवेअर तपासणाऱ्या प्रोग्रामची) सही करायची खाजगी किल्ली. त्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, कधीच नसाव्यात.

त्यासाठी भोसरीत एक दूरस्थ टेबल उभं करा. लागतं ते असं :

रास्पबेरी पाय एक, त्याला दोन सेन्सर बोर्ड डीबगरसकट जोडलेले. यूएसबी रिले, म्हणजे बोर्डची वीज दुरून तोडता-जोडता येते; अडकलेल्या बोर्डला याशिवाय उपाय नाही. वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून सुरक्षित जोडणी. दीड किलोवॉटची चार पोलची मोटर, ९० फ्रेमची, कारण तिला ६२०५ बसतं. एक लहान व्हीएफडी. आणि खराब बेअरिंगांचा साठा. इचलकरंजीच्या मागवाल्यांकडून, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांकडून, देखभालीत काढून टाकलेली बेअरिंगं भंगाराच्या भावात मिळतात. प्रत्येकावर क्रमांक कोरा आणि खोलून फोटो काढा, म्हणजे दोष कुठे आहे ते नक्की. दोन-तीन नव्या बेअरिंगांच्या ग्रीसमध्ये फाउंड्रीची बारीक वाळू घालून महिनाभर फिरवा, सावकाश होणाऱ्या बिघाडाचा डेटा असा मिळतो.

मोटर दुरून सुरू करायची मुभा देताना तीन गोष्टी तारेने करा, सॉफ्टवेअरवर सोडू नका : पिंजऱ्याच्या दाराला स्विच, लाल बटण, आणि जास्तीत जास्त ३० मिनिटांनी बंद करणारा टाइमर. खोलीत माणूस नसताना पिंजऱ्याचं दार कुलूपबंद असलं पाहिजे. शाफ्टवर काहीही जोडलेलं नको.

एवढं झालं की जर्मनीत दुपारी सुचलेली गोष्ट तुम्ही घरी जायच्या आत पुण्याच्या मोटरवर तपासून होते. वेळेचा फरक फक्त साडेतीन तासांचा आहे.

---

बंदर_ते_भोसरी

छोटी दुरुस्ती : साडेतीन तास उन्हाळ्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. शेन्झेन आपल्यापुढे अडीच तास, बाराही महिने. म्हणजे तिघांना एकत्र बोलायचं तर हिवाळ्यात आपले दुपारचे १:३० ते ३:३०, उन्हाळ्यात १२:३० ते ३:३०. शेन्झेनला दुपारची सुट्टी लांब असते, बाराच्या पुढे, ती आपल्या साडेनऊ ते अकराच्या दरम्यान येते. त्या वेळी निरोप पाठवून उत्तराची वाट बघू नका. आणि सर्व नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपला अर्ध्या तासाचा फरक बऱ्याच तयार साधनांमध्ये पूर्णांक तास धरल्याने चुकतो.

सुट्ट्या आताच कॅलेंडरवर मांडा. चिनी नववर्षाला कारखाना कागदावर आठवडाभर बंद, प्रत्यक्षात कामगार गावाहून परतून लाइन पूर्ववत व्हायला तीन-चार आठवडे जातात. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा बंद. जर्मनीत ऑगस्ट आणि नाताळ ते १ जानेवारी. आपले गणपती आणि दिवाळी त्यांना कळवा.

---

तांबेपट

बोर्डाबद्दल. कारखान्याला पाठवायचं गाठोडं पूर्ण हवं : गर्बर (थरांची चित्रं), ड्रिल, आयपीसी-डी-३५६ नेटलिस्ट (कोणतं टोक कशाला जोडलंय ती यादी), थरांची रचना जाडीसकट, सुटे भाग ठेवायच्या जागांची फाइल, बीओएम (सुट्या भागांची यादी), जुळणीचं चित्र, आणि स्वीकाराची पातळी आयपीसी-ए-६१० (जुळणीच्या दर्जाचं मानक) वर्ग २. नेटलिस्ट लोक विसरतात. गर्बर बनवताना काही तुटलं तर तीच एक पकडते.

बीओएममध्ये प्रत्येक ओळीला उत्पादकाचा पूर्ण क्रमांक आणि एक रकाना : "बदली चालेल / यादीतलीच चालेल / अजिबात नाही". हा रकाना नसला की कारखाना आपल्या मनाने बदलतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. १० मायक्रोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर मिळाला नाही म्हणून एक्स५आर बसवला, विजेच्या चाचणीत काहीच कळत नाही. पण एक्स५आर ८५ अंशांपर्यंतचा आणि एक्स७आर १२५ पर्यंतचा. तुमचा सेन्सर तापलेल्या मोटरच्या अंगावर बसणार आहे.

अँटेनाच्या मागाला ५० ओहम हवेत. १.६ मिमीच्या चार थरी बोर्डावर, वरच्या थराखाली ०.२ मिमी प्रीप्रेग (थरांमधलं राळ लावलेलं काचकापड) असेल तर माग साधारण ०.३५ मिमी येतो. कारखान्याने प्रीप्रेग बदललं तर रुंदीही बदलायला हवी. म्हणून "या मागाला ५० ओहम, कमी-जास्त १० टक्के" असं चित्रावरच लिहा, नुसती रुंदी देऊन थांबू नका.

मेम्स चिपसाठी खास सूचना, ठळक अक्षरात, चिनी भाषेतही :
– बोर्ड अल्ट्रासॉनिक टाकीत धुवायचा नाही. चिपच्या आतली रचना तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.
– पॅनेल हाताने मोडायचं नाही, राउटरने कापायचं. मोडतानाचा झटका आणि वाक दोन्ही चिपला लागतात.
– चिप स्क्रूच्या भोकाजवळ ठेवलेली नसावी. ही तुमची जबाबदारी, लेआउटमध्ये.

फाइली पाठवल्यावर कारखान्याकडून शंकांचं पत्र येतं, त्याला ते ईक्यू म्हणतात. त्याचं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे. उत्तर नाही तर काम रांगेतून बाजूला काढतात आणि परत रांगेत येईपर्यंत आठवडा जातो. ईक्यूमध्ये "आम्ही असं केलं तर चालेल का" असं विचारलेलं असतं. "ओके" एवढंच लिहू नका, प्रत्येक प्रश्नाखाली पूर्ण वाक्यात उत्तर द्या.

३० नग लागणार असतील तर ४० बनवा. ३० बसवायला, ४ जर्मनीला, ३ कपाटात हात न लावलेले, ३ फोडून-तोडून बघायला. त्याआधी ५ नग आधी बनवून मागवा, तपासा, मग उरलेले ३५ लाइनवर जाऊ द्या. त्या पाचांतला एक कारखान्याकडे सहीशिक्क्याचा नमुना म्हणून राहतो, एक तुमच्याकडे.

आणि चाचणीचं जिग तुम्ही पाठवा, त्यांना बनवायला सांगू नका. स्प्रिंगवाल्या पोगो पिनांचा पाट, एक छोटा संगणक, हिरवा-लाल दिवा. त्यात तपासायचं : झोपेतला प्रवाह १० मायक्रोअँपच्या आत, बोर्ड सहा बाजूंनी ठेवून प्रत्येक अक्षावर अधिक-उणे १ जी, हा गुरुत्वाकर्षणाने फुकट मिळणारा मापदंड आहे, आणि रेडिओ एक निरोप पाठवतो का. नोंद क्रमांकासह त्याच दिवशी भोसरीच्या सर्व्हरवर. लोरावॅनच्या किल्ल्या मात्र भोसरीतच चढवा. चाचणीचं फर्मवेअर वेगळं, विक्रीचं वेगळं.

---

बंदर_ते_भोसरी

मालाच्या ने-आणीचं. नुसता पीसीबी (भाग न बसवलेला बोर्ड) कस्टम्सच्या वर्गवारीत एचएस ८५३४ खाली येतो. सुटे भाग बसवलेला बोर्ड त्यात येत नाही, तो ज्या यंत्राचा भाग त्या शीर्षकाखाली जातो. कारखाना सवयीने इन्व्हॉइसवर ८५३४ लिहितो आणि कस्टम्सला माल अडकतो. इन्व्हॉइसचा मजकूर तुम्हीच लिहून द्या. रेडिओ असल्याने डब्ल्यूपीसीचं (केंद्राच्या वायरलेस विभागाचं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागतं.

जर्मनीला चार नग पाठवताना बॅटरी काढून पाठवा. लिथियम थायोनिल क्लोराइडचे सुटे सेल धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३०९० खाली येतात आणि प्रवासी विमानातून जात नाहीत. यंत्रात बसवलेले यूएन ३०९१ खाली, त्याला वेगळं पॅकिंग आणि यूएन ३८.३ चाचणीचा सारांश. त्यांना त्याच बनावटीचा, त्याच मॉडेलचा सेल तिकडेच घ्यायला सांगा. वेगळा सेल घेतला तर मोजमापं जुळणार नाहीत, कारण हे सेल पडून राहिले की आत थर धरतो आणि रेडिओ सुरू होताना व्होल्टेज क्षणभर कोसळतं. मोठा कपॅसिटर समांतर लावा.

वारंवारितेचा पट्टा विसरू नका. आपल्याकडे आयएन८६५, मूळ वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ. त्यांच्याकडे ईयू८६८, म्हणजे ८६८.१, ८६८.३, ८६८.५. चुकीच्या पट्ट्याचं फर्मवेअर चढलं तर नोड आणि गेटवे दोन्ही निरोगी आणि बोलणं शून्य. पट्टा कंपाइल करताना ठरवू नका. बोर्डाच्या कायमस्वरूपी मेमरीत लिहा आणि सुरू होताना सिरियलवर छापा.

---

कलम_एकोणचाळीस

हक्कांचं. तीन गोष्टी आपल्याकडच्या कायद्यातल्या, ज्या तयार मसुद्यांत हमखास राहतात.

एक, पेटंट कायद्याचं कलम ३९. भारतात राहणारी व्यक्ती शोधकर्त्यांपैकी एक असेल तर पहिला अर्ज थेट जर्मनीत करता येत नाही. एकतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर नमुना २५ भरून परवानगी घ्यायची. जर्मन भागीदाराचा वकील हे जाणत असेलच असं नाही, आणि उल्लंघन केलं तर भारतातला अर्ज सोडून दिला असं धरलं जातं, शिवाय तो गुन्हा आहे.

दोन, संयुक्त मालकी. "दोघांच्या समान मालकीचं" लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. कलम ५० प्रमाणे वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक स्वतः वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता. पण दुसऱ्याच्या संमतीविना परवाना देऊ शकत नाही की हिस्सा विकू शकत नाही. म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या पंप कंपनीने परवाना मागितला आणि जर्मनीने उत्तर दिलं नाही तर तुम्ही बसून राहणार. त्यापेक्षा विषय वाटून घ्या : सेन्सरची बांधणी, बसवणी, वीजबचत तुमची, संकेतांचं गणित त्यांचं, दोघांनी एकमेकांना ठरलेल्या क्षेत्रात कायमचा परवाना. आधीपासून कुणाकडे काय होतं त्याची यादी कराराला जोडा, फाइलींच्या हॅशसकट, म्हणजे प्रत्येक फाइलीच्या बोटाच्या ठशासारख्या आकड्यासकट.

तीन, कोडचा कॉपीराइट. कंत्राटावर लिहिलेला कोड लिहिणाऱ्याचाच असतो, पैसे दिले म्हणून तुमचा होत नाही; लेखी हस्तांतरण लागतं. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वेगळं लिहिलं नसेल तर वर्षभर न वापरलेले हक्क परत जातात. तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा.

जर्मनीत कर्मचाऱ्याच्या शोधाबद्दल स्वतंत्र कायदा आहे, मालकाला शोधकर्त्याला मोबदला द्यावा लागतो. तो खर्च त्यांचा, हे एका ओळीत लिहून घ्या.

आणि पेटंटचा अर्ज होण्याआधी प्रदर्शनात मांडू नका. हॅनोव्हरच्या मेळ्यात भागीदाराने उत्साहाने भित्तिपत्रकावर पद्धत छापली तर युरोपात नवेपण संपलं.

---

हिशेबनीस

थोडक्यात. जर्मनीला तांत्रिक सेवेची फी पाठवताना करार-सवलतीचा दर १० टक्के टीडीएस. त्यासाठी त्यांचं कर-रहिवासी प्रमाणपत्र आणि त्यासोबतचा आयकराचा फॉर्म आधी हातात हवेत, नसेल तर देशातला जास्त दर लागतो. करारात फी करासह की कराविना ते लिहा. "आम्हाला हातात १०,००० युरो" असं ठरलं तर तुमचा खर्च ११,१११ होतो. सेवेच्या आयातीवर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा. क्रेडिट मिळतं पण रोख आधी जाते.

विक्रीतल्या वाट्याची व्याख्या घट्ट करा : जीएसटी, परत आलेला माल आणि बसवणीचा खर्च वगळून. सेन्सर फुकट देऊन वर्गणी घेतली तर वाटा वर्गणीवर. हे आज सुचत नाही, दुसऱ्या वर्षी याच्यावरूनच बोलणं बंद होतं.

शेन्झेनला ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल निघण्याआधी हे नेहमीचं. ते ७० टक्के चाचणीच्या नोंदी सर्व्हरवर आल्या की द्या.

पुढे संशोधन संस्थेला सोबत घ्यायचं असेल तर इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटरची २+२ योजना बघा, दोन्ही देशांतून एकेक संस्था आणि एकेक कंपनी लागते. पण पहिले ३० नग त्या निधीवर अवलंबून ठेवू नका. निवडीला वेळ लागतो.

---

तटबंदी

एक राहिलं. चार जणांची कंपनी बंद पडली तर? प्रत्येक आवृत्तीबरोबर फक्त मॉडेलचे आकडे नकोत. शिकवायची स्क्रिप्ट, डेटाच्या फाइलींची यादी आणि डॉकर प्रतिमा (लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरची गोठवलेली प्रत) असा संच तिसऱ्याकडे ठेवा. आणि वर्षातून दोनदा भोसरीत कुणीतरी त्या संचावरून मॉडेल प्रत्यक्ष पुन्हा शिकवून बघा. नुसता ठेवलेला संच वेळेवर चालत नाही.

फर्मवेअरबद्दल रात्रपाळींचं पटलं. किल्ल्या वेगळ्या असतील तर स्रोत द्यायला हरकत नाही.

---

कंपनमापक

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारतो : उद्यापासून पहिले दोन आठवडे नेमकं काय करू? करार व्हायला महिना लागेल असं दिसतंय.

---

गिरकी

करार होईपर्यंत गुप्ततेचा दोन पानी करार करा आणि हे सुरू करा.

तयार मिळणारे मूल्यांकन बोर्ड, तुमच्याच सेन्सर चिपचे, चार घ्या. दोन भोसरीत, दोन जर्मनीत, एकाच खेपेचे. दोन्हीकडे टेबलावर सपाट ठेवून दहा मिनिटांची नोंद करा, फाइली अदलाबदल करा. अजून बिघाड ओळखायचा नाहीये. फाइलीचा नमुना, एकक, अक्षांची दिशा, नमुन्यांचा दर एवढंच जुळवायचं. हे जुळायला तीन-चार दिवस जातील, जाऊ द्या.

मग ५० फाइलींचा कसोटी-संच. प्रत्येक फाइलीला अपेक्षित उत्तरं : आरएमएस, शिखर, कर्टोसिस, आठ रेषा. सहनसीमा लिहिलेली. पायथनचा कोड आणि चिपवरचा कोड दोन्ही या संचातून पास झाल्याशिवाय मुख्य शाखेत काहीही जाणार नाही, भारतातून असो की जर्मनीतून. काही फाइली साध्या गणिती ठेवा, म्हणजे ८६ हर्ट्झची शुद्ध लाट, उंची १ जी. तिचं उत्तर कागदावर काढता येतं : आरएमएस ०.७०७. वाद झाला की कुणाचं चुकलं ते ती सांगते.

आणि संचात बंद असलेल्या मोटरच्याही चार-पाच फाइली घाला, शेजारचं यंत्र चालू असताना घेतलेल्या. पायातून येणाऱ्या त्या कंपनावर बहुतेक मॉडेलं पहिल्या खेपेला "बेअरिंग खराब" म्हणतात, आणि ग्राहकाकडे बसवल्यावर पहिली खोटी सूचना रविवारी, कारखाना बंद असताना येते.